एसटीची पहिली पायरी : सातारा, सांगली आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षांची उंची

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन आत्ता बॅगेच्या तळाशी गुंतून बसलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलता बोलता जे सुटलं होतं, ते इथे थोडं नीट मांडलंय.

आजचा विषय एका पायरीचा इतिहास. एसटीची पहिली पायरी. ती किती उंच आहे, का उंच आहे, आणि इतकी वर्षं ती तशीच का राहिली? तुम्ही म्हणाल, पायरीला कसला आलाय इतिहास! पण घरातल्या ज्या आजीचे गुडघे गेलेत, तिला विचारा. कुबड्या घेऊन चालणाऱ्या मित्राला विचारा. पाच महिन्यांच्या बाळाला काखेत आणि पिशवी हातात धरून चढणाऱ्या ताईला विचारा. त्यांच्यासाठी प्रवास सातारा ते सांगली असा नसतोच. जमिनीपासून बसच्या फरशीपर्यंतचा प्रवास हाच पहिला टप्पा, आणि पुष्कळदा तोच शेवटचा.

सातारा आणि सांगली का निवडलं, ते आधी सांगतो. एक तर हे दोन्ही जिल्हे मुळात एकच. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मुंबईला 'बेस्ट' आहे, पुण्याला 'पीएमपी' आहे. सांगली-मिरजेत शहरात फिरायलाही एसटीच, आणि साताऱ्यातही तेच. म्हणजे इथली 'सिटी बस' आणि गावाची बस एकाच घरातली. हा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर सुरुवात करू १ जून १९४८ पासून. त्या दिवशी अहमदनगर-पुणे मार्गावर तेव्हाच्या मुंबई राज्याची पहिली एसटी धावली. लाकडी बॉडी, तीस माणसांची बेडफर्ड गाडी. त्याआधी रस्त्यावरची प्रवासी वाहतूक खासगी मोटारवाल्यांच्या हातात होती. गाडी भरली की सुटायची, भाडं मालक ठरवेल ते. सरकारने वाहतूक हातात घेतली आणि वेळापत्रक आलं, ठरलेलं तिकीट आलं, 'गाव तिथे एसटी' ही कल्पना हळूहळू रुजली. ही गोष्ट लहान नाही. पाटणच्या खोऱ्यातलं, जतच्या माळावरचं, शिराळ्याच्या डोंगराकडेचं गाव तालुक्याला जोडलं गेलं ते एसटीने. मुली कॉलेजला गेल्या त्या एसटीने. शेजारच्या गल्लीतले काका मिरजेला ऑपरेशनला गेले तेही एसटीने.

पण ही गाडी बनली कशी? इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. मी सॉफ्टवेअरवाला आहे, गाड्यांवर काम करत नाही. पण एखादी वस्तू अशीच का आहे, हे शोधायची खोड जात नाही.

आपल्याकडची बस जन्माला आली ट्रकच्या सांगाड्यावर. दोन लांब पोलादी पट्ट्या, त्यांच्यात आडवे तुकडे, म्हणजे शिडी आडवी ठेवल्यासारखी. त्याला आपण चासी म्हणतो. कंपनीकडून चासी यायची, आणि बॉडी महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळेत बांधली जायची. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा ही त्या कार्यशाळांची नावं. आता हिशोब बघा. मोठ्या बसचं चाक साधारण मीटरभर उंच. म्हणजे आसाची मधली रेषा जमिनीपासून अर्धा मीटर वर. आसाच्या वर पाट्यांची स्प्रिंग, स्प्रिंगवर चासी, चासीवर आडव्या पट्ट्या, आणि त्यावर फरशी. बेरीज करत गेलात की फरशी एक मीटरच्या वरच जाते. साधारण तुमच्या कमरेएवढी. तिथवर पोहोचायला तीन-चार उंच पायऱ्या, त्याही अरुंद दारात.

ही उंची कुणी दुष्टपणाने ठरवली नव्हती. खड्डे, ओढे, कच्चे रस्ते, घाट, टपावर चढवलेली पोती, हे सगळं झेलायला ट्रकचा सांगाडा बरा होता. स्वस्त होता, दुरुस्तीला सोपा होता. खंबाटकीत गाडी बंद पडली तरी साधा मेकॅनिक ती चालू करू शकत होता. त्या काळासाठी निर्णय समजण्यासारखा होता. आमच्या धंद्यात याला 'लेगसी कोड' म्हणतात. सुरुवातीला कुणीतरी घाईत, पण विचार करून काहीतरी लिहितो. ते चालतं. मग त्याच्यावर पुढची वीस वर्षं मजले चढतात. शेवटी ते तसं का लिहिलं हे कुणाला आठवत नाही, आणि हात लावायला सगळे घाबरतात.

आता या पायरीसमोर उभं कोण होतं, ते बघू. पोलिओची लस घरोघरी पोहोचायच्या आधीच्या काळात गावागावांत पोलिओने पाय अधू झालेली मुलं होती. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे ती पिढी संपलेली नाही. ती माणसं आज चाळिशी, पन्नाशी, साठीत आहेत, आपल्या आसपास आहेत. जोडीला शेतीतले अपघात, रस्त्यावरचे अपघात, मधुमेहाने कापावे लागलेले पाय, लकवा. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यातल्या ५४ लाखांहून जास्त चालण्या-फिरण्याच्या अडचणीच्या. महाराष्ट्रातला एकूण आकडा २९ लाख ६३ हजारांच्या आसपास. आणि यात गुडघे दुखणारे आजी-आजोबा धरलेलेच नाहीत.

सांगली जिल्ह्यात तर एक वेगळीच विसंगती आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि तेव्हापासून लांबलांबून, अगदी कर्नाटकातूनही, माणसं मिरजेला उपचाराला येतात. म्हणजे ज्या रस्त्यांवर पायाला प्लास्टर घातलेले, कंबर मोडलेले, ऑपरेशन होऊन चार दिवस झालेले प्रवासी सगळ्यात जास्त, त्या रस्त्यांवरसुद्धा बस मात्र ट्रकच्याच उंचीची.

बाजूच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर. अपंग मुलामुलींसाठी वसतिगृह, शिक्षण, रोजगार असं मोठं काम उभं राहिलं. मी हे वाचताना एका शब्दाशी थांबलो : वसतिगृह. मूल घर सोडून वसतिगृहात का राहतं? कारणं बरीच असतात. पण एक साधं कारण मला तरी दिसतं. गावातलं इतर पोर रोज एसटीने हायस्कूलला जाऊन संध्याकाळी घरी येतं. ज्याला बसमध्ये चढताच येत नाही, त्याच्यासाठी शाळा आणि घर यातलं एकच काहीतरी निवडणं भाग पडतं. एका पायरीची किंमत कधी कधी अख्खं बालपण घराबाहेर काढण्याएवढी असते.

मग सरकारने काहीच केलं नाही का? केलं की! एसटीने सवलत दिली. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर साध्या बसच्या तिकिटात ७५ टक्के सूट. गंभीर अपंगत्व असेल तर सोबतच्या माणसालाही सूट. बसमध्ये राखीव आसनं, खिडकीच्या वर रंगवलेली अक्षरं. आमदार, खासदार, स्वातंत्र्यसैनिक, आणि 'अपंगांसाठी'. पुढे ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट.

या सवलतींची मी थट्टा करत नाही. ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याला ७५ टक्के सूट म्हणजे दवाखान्याला जाणं आणि न जाणं यातला फरक असतो. पण एकदा नीट बघा. मदत तिकिटावर मिळाली, आसनावर मिळाली. या दोन्ही गोष्टी बसच्या आतल्या. आणि अडचण दाराशी होती. ८० वर्षांच्या आजीला मोफत प्रवासाचा हक्क आहे, फक्त त्या हक्कापर्यंत जायला चार उंच पायऱ्या आहेत.

असं का होतं? मला वाटतं, यामागे हिशोबाची वही आहे. सवलत एका आदेशाने देता येते. दुसऱ्या दिवशीपासून लागू होते, पेपरात बातमी येते, आणि सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देतं. पायरी कमी करायची तर गाडीच वेगळी विकत घ्यावी लागते. ती महाग, तिचे परिणाम पाच-दहा वर्षांनी दिसणार, आणि उद्घाटनाच्या फोटोत 'कमी उंचीची फरशी' काही दिसत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सवलत वाढत गेली आणि पायरी जागेवर राहिली.

स्थानकाचंही बघा. रेल्वेत फलाट डब्याच्या दारालगत असतो. आपल्या बहुतेक एसटी स्थानकांत गाडी फलाटाला नाक लावून उभी राहते. दार बाजूला. म्हणजे फलाटावरून खाली उतरा, दोन गाड्यांमधल्या बोळात शिरा, आणि तिथून गर्दीत चढा. फलाट नुसता नावाला फलाट. त्यात आपली ती राष्ट्रीय कला : गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं! आपण त्यावर हसतो, रील्स बनवतो. पण ही एक शर्यत आहे, आणि कुबडी घेतलेला माणूस या शर्यतीत सुरुवातीलाच बाद आहे. राखीव आसन दाराच्या आत आहे, पण त्याच्या आधी सत्तर जण दारात आहेत.

आता थोडं बाहेर जाऊ. ५ जुलै १९७८. अमेरिकेतलं डेन्व्हर शहर. कोलफॅक्स आणि ब्रॉडवे या दोन रस्त्यांच्या चौकात चाकाच्या खुर्चीवरची १९ माणसं बसच्या पुढे-मागे जाऊन थांबली. काही जण खुर्चीतून उतरून डांबरावर आडवे झाले. रात्रभर हलले नाहीत. मागणी एकच, आम्हाला बसमध्ये चढता आलं पाहिजे. पुढच्या काही वर्षांत डेन्व्हरच्या बसना लिफ्ट लागल्या. आणि १९९० मध्ये अख्ख्या अमेरिकेसाठी अपंगांच्या हक्कांचा कायदा आला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत बसचं डिझाइनच बदललं. इंजिन मागे, मागचा आस मधून खाली वाकवलेला, पाट्यांच्या जागी हवेची स्प्रिंग. फरशी खाली आली. थांब्यावर हवा सोडली की गाडी फुटपाथकडे थोडी झुकते, उंटासारखी. यालाच आपण 'लो फ्लोअर' म्हणतो.

भारतात डिसेंबर १९९५ मध्ये जावेद अबिदी आणि त्यांचे साथी दिल्लीत रस्त्यावर उतरले आणि त्याच महिन्यात संसदेने अपंग व्यक्तींचा कायदा मंजूर केला. त्यात वाहतुकीचं कलम होतं, कलम ४४. बस, रेल्वे, जहाज, विमान यांत सहज जाता येईल अशी सोय करा, असं त्यात म्हटलं होतं. पण सोबत एक अट जोडली होती : संस्थेच्या आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत. झालं! तोट्यातल्या महामंडळासाठी ही अट म्हणजे कायमची सुट्टी. कुवत कधी असणार, हे ठरवणारं कुणी नव्हतं.

पुढचा मोठा टप्पा शहरांचा. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये बीआरटीचा प्रयोग सुरू झाला, तोही स्वारगेट-कात्रज, म्हणजे चक्क सातारा रस्त्यावर. मग केंद्राने शहरी बससाठी मापं ठरवून दिली. फरशीची उंची ४०० मिलिमीटर, ६५० मिलिमीटर, किंवा ९०० मिलिमीटर. केंद्राच्या पैशातून बस घ्यायच्या तर ही मापं पाळा. पुण्या-मुंबईत कमी उंचीच्या गाड्या दिसू लागल्या.

आणि कात्रजचा बोगदा ओलांडला की हे सगळं संपतं. का? आता सुरुवातीचा मुद्दा आठवा. ही मापं 'शहरी' बसची होती. एसटी कागदावर ग्रामीण आणि लांब पल्ल्याची सेवा. त्यामुळे सांगली-मिरज हा शुद्ध शहरी मार्ग असूनही तिथली गाडी आली गावाकडच्या ताफ्यातून. दोन खात्यांच्या मधल्या फटीत एक अख्खं शहर पडलं. आमच्याकडे अशा चुका रोज होतात. दोन टीमना वाटतं, हे काम दुसऱ्या टीमचं आहे.

कायदे मात्र पुढे सरकत राहिले. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार मान्य केला. ३ डिसेंबर २०१५ ला 'सुगम्य भारत' अभियान सुरू झालं, त्यात सरकारी बसपैकी २५ टक्के पूर्ण सुगम करायचं लक्ष्य होतं. २०१६ चा नवा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला, अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. डिसेंबर २०१९ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल झाला. राखीव आसनं, आधाराचे दांडे, कुबड्या ठेवायची जागा, चाकाची खुर्ची आत घेऊन बांधायची सोय. तरीही केंद्राने नंतर दिलेल्या आकडेवारीनुसार देशातल्या सुमारे १ लाख ४५ हजार सरकारी बसपैकी पूर्ण सुगम बस ६ टक्क्यांच्या आसपासच. लक्ष्य होतं २५.

८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात दुखणं नेमकं पकडलं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : कायदा सांगतो की सुगमता सक्तीची आहे, आणि त्याखालचे नियम मात्र नुसत्या शिफारशींसारखे लिहिलेत. हे चालणार नाही, किमान मापं सक्तीची करा. बघा, १९९५ मधली 'कुवत असेल तर' ही पळवाट बंद करायला जवळजवळ तीस वर्षं लागली.

मधल्या काळात शब्द बदलला. 'अपंग' गेलं, 'दिव्यांग' आलं. राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. खिडकीवरची अक्षरं पुन्हा रंगवली गेली. दाराची मापं पुन्हा काढली गेली नाहीत.

बरं, मग उपाय काय? 'सगळीकडे लो फ्लोअर आणा' म्हणणं सोपं आहे. पण थोडं गणित करू. उतार सुरक्षित असावा म्हणून १ ला १२ हे प्रमाण धरतात. एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. आपल्या लाल परीची फरशी ११० सेंटिमीटर धरली, तर जमिनीपासून उतार लागेल १३ मीटरचा. म्हणजे बसपेक्षा लांब! तेव्हा जुन्या गाडीला फळी लावून काम होणार नाही. फरशी ४० सेंटिमीटर आणि थांबा १५ सेंटिमीटर उंच असेल तर फरक उरतो फक्त २५. गाडी झुकली की आणखी कमी. मग छोटी घडीची फळी पुरते. म्हणून सांगली-मिरज किंवा साताऱ्याच्या राजवाड्याकडून सुटणाऱ्या शहरी फेऱ्यांसाठी कमी उंचीची गाडी अगदी शक्य आहे.

पाटण, महाबळेश्वर, आटपाडीच्या रस्त्यांना उंच गाडीच लागेल, हे मान्य. तिथे मधल्या दाराला लिफ्ट हा मार्ग आहे. आणि मोठ्या स्थानकांत एक तरी फलाट असा बांधता येतो, की गाडी बाजूने लागेल आणि फलाट फरशीच्या उंचीचा असेल. अहमदाबादच्या बीआरटीने २००९ पासून बससाठी ते करून दाखवलंय. ज्यांना खुर्ची लागत नाही, पण पाय उचलत नाही, त्यांच्यासाठी एक जादा खालची पायरी आणि दोन्ही बाजूंना भक्कम दांडा एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

आणि हे सगळं आत्ताच का बोलायचं? कारण ताफा बदलतोय. १ जून २०२२ ला, पहिल्या एसटीच्याच पुणे-नगर मार्गावर, महामंडळाची पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई' धावली. २०२३ मध्ये ५,१५० इलेक्ट्रिक गाड्या भाडेतत्त्वावर घ्यायचा करार झाला. केंद्राची 'पीएम ई-बस सेवा' योजना ३ लाख ते ४० लाख वस्तीच्या शहरांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या ५ लाखांवर होती, म्हणजे ती या मापात बसते. साताऱ्याची सव्वा लाखाच्याही आत, म्हणजे सातारा पुन्हा त्याच फटीत.

इलेक्ट्रिक गाडीत मोठं इंजिन नाही, लांब शाफ्ट नाही. बॅटरी टपावर किंवा मागे ठेवता येते. फरशी खाली आणायची इतकी चांगली संधी १९४८ नंतर पहिल्यांदाच आली आहे. आज जी गाडी विकत घेतली जाईल, ती पुढची दहा-बारा वर्षं धावेल. निविदेत मिलिमीटरचा जो आकडा आज लिहिला जाईल, तोच २०३५ मध्ये तुमच्या-माझ्या आई-वडिलांच्या गुडघ्यांसमोर उभा असेल.

आमच्या क्षेत्रात एक गोष्ट अनुभवाने कळते. अ‍ॅप बनवताना सुरुवातीलाच अंध व्यक्तीचा विचार केला, तर दोन दिवस जास्त लागतात. नंतर करायला गेलं तर दोन महिने लागतात आणि तरी नीट होत नाही. बसचंही तेच.

तर पुढच्या वेळी तुमच्या शहरात नव्या बस आल्याची बातमी वाचलीत, हार घातलेल्या गाडीचा फोटो पाहिलात, की एकच प्रश्न विचारा. नगरसेवकाला विचारा, आगारात विचारा, माहिती अधिकाराच्या अर्जात विचारा : फरशीची उंची किती? उत्तर आलं की मला नक्की कळवा. सातारा, कराड, सांगली, मिरज, विटा, इस्लामपूर, कुठलंही चालेल. पुरेसे आकडे जमले तर त्यावर एक वेगळा भाग करू. तोवर ऐकत राहा, आणि चढताना मागे कुणी उभं असेल तर रुमाल खिशात ठेवून हात पुढे करा. भेटू पुढच्या भागात!